तेरा दिवसांचा खाडा

"पोटाला पैसे लागत्यात, हा मानसाचा निव्वळ गैरसमज हाय!"

मार्च महिन्याच्या पहिल्याच तारखेला साईराजनं खोलीतल्या खाटेवर उभं राहून हे जाहीर केलं. खाली बसलेला मुजीब फलटणला जायची बॅग भरत होता. त्यानं मानही वर केली नाही. साईराज साताऱ्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि आठवड्यातून एखादी तरी अशी घोषणा करायचाच.

ह्या घोषणेला कारण मात्र घडलं होतं. साईराजचे वडील कृष्णात तासगावजवळच्या गावात द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड सांभाळायचे. मेसचं बिल पाठवा म्हणून साईराजनं फोन केला, तर ते म्हणाले, "किती लागतं रं तुला खायाला? माज्या दोन म्हशी तुज्यापेक्षा कमी खात्यात, वर दूध देत्यात!" साईराजला ते भलतंच झोंबलं. परीक्षेपर्यंत घरून एक रुपया घेणार नाही, अशी शपथ त्यानं फोनवरच घेऊन टाकली. वडील "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. समजूत घालतील, निदान एकदा तरी 'असं नगं करू' म्हणतील, ही त्याची आशा तिथंच संपली.

आता शपथ घेतलीच आहे तर काटकसर डोक्यापासून सुरू करावी, असं त्यानं ठरवलं. टक्कल केलं की तेल नको, शाम्पू नको, चार महिने न्हाव्याचं तोंड बघायला नको! मुजीबला स्टँडवर सोडून तो तसाच कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसला. डोकं गुळगुळीत झाल्यावर न्हाव्यानं विचारलं, "मिशी बी काढू काय? पैसं तेवढंच पडत्याल."

"तेवढंच? मग काढा की!" साईराज म्हणाला. फुकटात मिळणारी गोष्ट सोडायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

न्हाव्याचा वस्तरा क्षणभर थांबला. त्यानं रेडिओ बंद केला, खालच्या मानेनं मिशी उतरवली आणि निघताना साईराजच्या खांद्यावर हात ठेवून "सांभाळून ऱ्हावा" असं म्हणाला. मिशी काढल्यावर काय सांभाळायचं असतं ते साईराजला कळलं नाही. त्याचं लक्ष पुढच्या कामगिरीकडं होतं.

पुढची कामगिरी म्हणजे बनुबाईंची मेस. तीन वर्षं तो तिथं जेवत होता. बनुबाई चपात्या मोजून वाढायच्या आणि शिव्या न मोजता द्यायच्या. त्यांचा नियम साधा होता. आदल्या दिवशी सांगून जेवायला आला नाहीत तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे बिलातून वजा. पण महिन्याला खाडे चारच. पाचवा मागितला की बनुबाई विचारायच्या, "का रं, घरात कुनी गेलंय?" कुणी गेलं असेल तरच जास्तीचे खाडे मिळायचे. आता शहराच्या कडेला एका वस्तीवर दुसऱ्या दिवसापासून हरिनाम सप्ताह बसणार होता. सात दिवस दोन वेळा महाप्रसाद! साईराजला सात खाडे हवे होते आणि चाराचे सात कसे करायचे ह्याची घासाघीस मनात घोळवतच तो मेसच्या स्वयंपाकघरात शिरला.

"काकू, मला जरा खाडा..."

बनुबाईंनी वळून बघितलं. त्यांच्या हातातला झारा कढईत पडला. तशाच पिठाच्या हातांनी त्या पुढं आल्या, त्यांनी त्याचं टक्कल दोन्ही हातांत धरलं आणि भरल्या आवाजात विचारलं, "कवा झालं रं लेकरा?"

साईराजला काही उमगेना. मग त्याची नजर समोरच्या स्टीलच्या पिंपावर गेली. पिंपात त्याचाच चेहरा दिसत होता. डोक्यावर केस नाहीत, ओठावर मिशी नाही.  बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, हे तासगावच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डोकं आणि मिशी एकदम उतरवलेला जवान पोरगा दिसला की लोक पुढचं विचारत नाहीत, सरळ त्याच्या बापाच्या नावामागं 'कैलासवासी' लावून मोकळे होतात.

"काकू, आवं तसं काय न्हाई..."

"गप! येक शबुद बोलू नगंस," बनुबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तेरा दिसांचा खाडा लावलाय तुजा. आन गेल्या म्हैन्याचं बिल बी ऱ्हाऊ दे तसंच. आदी गावाकडं जा."

तेरा दिवस! वर मागचं बिल माफ! साईराजनं खरं सांगायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. तिकडं वडील ठणठणीत आहेत, त्यांच्या केसाला धक्का लागत नाही, मग इथं थोडे खाडे जास्तीचे लागले तर बिघडलं काय? त्यानं तोंड मिटलं. तेवढंच त्याचं चुकलं.

"माजा मालक गेला तवा मी अठ्ठावीस वरसांची व्हते," बनुबाई डबा भरता भरता सांगत होत्या. "तीन दिस पोटात अन्नाचा कन न्हवता. शेजारनीनं कडू घास आनला, म्हनून वाचले बग. ह्यो डबा यष्टीत खा." डब्यात पाच चपात्या होत्या. एरवी सहावी मागितली तर ज्या बाईचे डोळे मोठे व्हायचे, तिनं आज न मागता वर लाडू ठेवला होता. साईराजला तो लाडू घशाखाली उतरवताना थोडी लाज वाटली. पण उतरला.

चार दिवस झकास गेले. साईराज मेसच्या रस्त्याला फिरकला नाही. सप्ताहात पहिल्या पंगतीला बसायचा, टाळ्या वाजवायचा, बुंदी दोनदा घ्यायचा. शनिवारी रात्री मुजीब फलटणहून परतला आणि साईराजचा अवतार बघून दारातच थांबला. सगळी हकिकत ऐकल्यावर त्यानं बॅग खाली ठेवली.

"जित्या बापाचा खाडा खातूयास व्हय रं?"

"तेरा दिसांत केस येत्यात गड्या. इषय संपला."

"बनुबाई इषय संपवनारी बाई न्हवं," मुजीब म्हणाला. "सकाळी जाऊन खरं सांगून टाक."

साईराज सकाळी गेला, पण सप्ताहात. तिथं पोहे होते.

साडेनऊला मुजीबचा फोन आला. पळत असल्यासारखा त्याचा श्वास लागला होता. "टेम्पो गेला! साईराज, टेम्पो गेला!"

"कसला टेम्पो?"

"कडू घास घिऊन! बनुबाई, तिची भन आन मेसमदली आठ पोरं! आमटीचं पातेलं, भाताचं पातेलं, भाकरीचं टोपलं! तुज्या गावाला निगाल्यात! वहीत पत्ता हाय तुजा!"

साईराजच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरेधायरे भाकरी-आमटी करून नेतात, घरच्यांच्या गळ्यात पडून रडतात आणि त्यांना बळंबळं चार घास खायला लावतात. तो कडू घास. आणि तो आता टेम्पोत बसून त्याच्या जिवंत बापाच्या घराकडं निघाला होता!

"तू आडवलं का न्हाईस?"

"आडवलं की! म्हनलं, काकू, त्येचं वडील बरं हायत. तर म्हनत्यात, तुला काय म्हाईत, तू चार दिस फलटनला व्हतास."

साईराज स्टँडकडं जो पळाला, तो विट्याची एसटी सुटता सुटता तिच्या दाराला लटकूनच थांबला. बसायला जागा मिळताच त्यानं बनुबाईंना फोन लावला. तिकडं टेम्पोचा खडखडाट ऐकू येत होता.

"काकू! आवं माजं ऐका! बाबा जिवंत हायत!"

"व्हय रं लेकरा, व्हय," बनुबाई हुंदका देऊन म्हणाल्या. "आपल्यासाटी मानूस जिवंतच असतंय. माजा मालक जाऊन वीस वरसं झाली, आजून वाटतंय आत्ता दारातनं यील."

"तसं न्हवं काकू! खरंच जिवंत हायत! चालत्यात, फिरत्यात, जेवत्यात!"

 मग बनुबाई बहिणीला म्हणाल्या ते त्याला स्पष्ट ऐकू आलं, "डोक्यावर परिनाम झालाय गं पोराच्या. डायवरला सांग, जरा लौकर हाक टेम्पो!" आणि फोन बंद झाला. परत लावला, तर कुणी उचलला नाही.

साईराजला घाम फुटला. डोक्यावर केस नसल्यानं तो थांबायला काही जागाच नव्हती, सरळ डोळ्यांत येत होता. त्यानं मग आईला फोन लावला. त्याची आई दीपमाला मुळातच भित्री. कुणी अवेळी दार वाजवलं तरी देवाचं नाव घेऊन उठायची.

"आई, बाबा कुटं हायत?"

"शेडवर. बेदाना भरायचा चाललाय. का रं? आवाज का आसा येतोय तुजा?"

"त्यांना घरी आनून बसव. आन हे बग, साताऱ्यासनं टेम्पोतनं मानसं येत्याल. ती रडत्याल. तू घाबरू नगंस, मी..."

एवढ्यात त्याच्या फोननं मान टाकली. सप्ताहाच्या मंडपात फोन चार्ज करायला जागा मिळाली नव्हती आणि रात्री खोलीत लावायचा तो विसरला होता. त्यानं आपलं शेवटचं वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं. साताऱ्याहून माणसं येतील, ती रडतील, तू घाबरू नकोस. हे ऐकून कुठली आई न घाबरता राहील! त्याला एसटीतून उडी मारावीशी वाटली.

कराडच्या अलीकडं महामार्गाचं काम चालू होतं. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, आणि तिथंच साईराजला डाव्या हाताला तो टेम्पो दिसला! मागं आठ पोरं पातेलं धरून बसली होती, पुढं बनुबाई. एसटी टेम्पोच्या शेजारून पुढं सरकू लागली. साईराजनं कमरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन दोन्ही हात हलवले. "काकू! थांबा! माघारी जावा!"

बनुबाईंनी ते टक्कल ओळखलं. पण कराडात नदीचा संगम आहे, लोक अस्थी सोडायला तिथं येतात. पोरगा अस्थीच घेऊन निघालाय असं समजून बनुबाईंनी टेम्पोतूनच हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. मागच्या आठ पोरांनीही टोप्या काढल्या.

"आत घ्या डोकं!" कंडक्टर ओरडला. "आदीच केस न्हाईत, डोकं तरी ऱ्हाऊ द्या!"

निदान एसटी पुढं होती. साईराजनं मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ बोलले. विट्यात तासगावची गाडी लागलेलीच होती. तो धावत जाऊन बसला, आणि ड्रायव्हर चहाला गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साईराज चहाच्या गाड्यावर जाऊन ड्रायव्हरच्या पुढ्यात उभा राहिला. "आवं दादा, चला की! माज्या वडिलांचा प्रश्न हाय!"

ड्रायव्हरनं त्याच्या डोक्याकडं बघितलं, मिशीच्या जागेकडं बघितलं आणि हळुवारपणे म्हणाला, "गेलेलं मानूस काय परत येतंय का, पावनं? बसा. तुमीबी अर्दा कप घ्या." चहाचे पैसेही त्यानंच दिले. एरवी साईराजला आनंदानं नाचावंसं वाटलं असतं. आज कप तोंडाला लावता लावता त्यानं बघितलं, तर स्टँडच्या बाहेरून तो टेम्पो तासगावच्या दिशेनं निघून गेला.

तासगावहून गावाला जायला पाऊण तास एसटी नव्हती. त्याला द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन जाणारा ट्रॅक्टर मिळाला. क्रेटच्या ढिगावर बसून साईराज रडकुंडीला आला होता. खाडे गेले उडत, बिल गेलं उडत! आईच्या डोळ्यांसमोर कुणी तिच्या नवऱ्याचं मयत रडलं तर तिचं काय होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गावाच्या वेशीपाशी ट्रॅक्टर पोचला आणि त्याला रडणं ऐकू आलं. बायकांचा गळा काढून चाललेला तो आवाज त्याच्याच घराकडून येत होता.

तो धावतच सुटला आणि फाटकापाशी आल्यावर त्याचे पाय जागीच थांबले.

अंगणात सगळी भावकी जमली होती. आई बनुबाईंच्या गळ्यात पडून आक्रोश करत होती आणि बनुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होत्या. मेसची आठ पोरं माना खाली घालून ओळीनं उभी होती. आणि ओट्याच्या पायरीवर त्याचे वडील बसले होते, जिवंत. डोक्यावरची टोपी खाली मातीत पडलेली. त्यांनी समोरच्या पोराला विचारलं, "कुटं ठिवलाय त्येला? मला नुसतं सांगा. मी आनतो."

त्या पोराला काही समजलं नाही. साईराजला मात्र सगळं समजलं. पोरगा साताऱ्यात शिकतो. त्याचा फोन मध्येच तुटतो, पुन्हा लागत नाही. आणि मग साताऱ्याहून अनोळखी माणसं रडत येतात, बरोबर आमटीचं पातेलं आणि भाकरीचं टोपलं. ह्या मुलखात त्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही. त्यानं इथं येईपर्यंत वाटभर बापाच्या नावानं होणाऱ्या रडारडीची धास्ती घेतली होती, आणि इथं आईबाप त्याच्या नावानं रडत होते! असलं दुःख त्यानं त्यांना दिलं, ते कशापायी, तर सप्ताहातल्या बुंदीपायी! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा," तो म्हणाला. रडारडीत कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणाला, "बाबा!"

कृष्णातांनी मान वर केली. ते उठले, दोनदा अडखळले आणि त्यांनी साईराजला छातीशी असं आवळलं की त्याला श्वास घेता येईना. त्यांच्या अंगाला शेडात बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास येत होता. ह्या माणसानं आयुष्यात कधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. आता ते लहान पोरासारखे हमसत होते, आणि साईराजही. आई धावत आली, तिनं त्याचं टक्कल, कान, हात सगळं चाचपून बघितलं आणि मग तिथंच बसून पुन्हा रडायला लागली.

बनुबाई हे सगळं बघत होत्या. "ह्ये कोन?" त्यांनी कृष्णातांकडं बोट करून विचारलं. "चुलता का?"

"बाबा हायत काकू. माजंच."

अंगणातले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी भावकीतले धुळाआप्पा, ज्यांच्याशिवाय गावात एकही मयत उचललं जात नसे, ते काठी टेकत पुढं आले. "थांबा, थांबा. मंग मेलंय कोन?"

"कुनीच न्हाई, आप्पा."

"कुनीच न्हाई?" आप्पांचा चेहरा जरा उतरलाच. "मी तर पावन्यांना फोन बी केलं!"

साईराजनं सगळं सांगितलं. खाडा, सप्ताह, न्हावी, सगळं. बनुबाईंनी ते ऐकलं, "जित्तं हायत बाई, लय बरं झालं!" असं म्हणून आधी कपाळाला हात लावला, आणि मग तोच हात उचलून त्या साईराजकडं निघाल्या.

"थांबा ताई," कृष्णात डोळे पुसत म्हणाले. "पयला मान माजा." आणि त्यांचं लक्ष पहिल्यांदाच नीट त्याच्या तोंडाकडं गेलं. त्यांची भुवई चढली. "डोस्कं केलंस, समजलं. मी जित्ता असताना मिशी का काढलीस?"

"पैसं तेवढंच पडनार व्हतं," साईराज पुटपुटला.

कानशिलात बसली ती वेशीपर्यंत ऐकू गेली असेल. आईनंही अडवलं नाही. मेसची आठ पोरं एका सुरात म्हणाली, "बरं झालं!"

एवढं झाल्यावर प्रश्न उरला तो पातेल्यांचा. "घिऊन जातो माघारी," बनुबाई म्हणाल्या. तसे धुळाआप्पा कडाडले, "आवं आसं कसं? ह्ये अन्न उंबऱ्यावरनं माघारी नेत न्हाईत! आन टाकत बी न्हाईत! खायालाच पायजे!" त्यावर कुणाचं काही चालेना. अंगणात पंगत बसली. बनुबाईंनी आमटी वाढली, बहिणीनं भाकऱ्या वाढल्या. पण हात कुणीच लावेना, कारण पहिला घास कुणी घ्यायचा ह्यावर आप्पा अडून बसले होते.

"ज्येचं मानूस गेलंय त्येनं पयला घास घ्याचा. ही रीत हाय."

"पन कुनी गेलंच न्हाई की, आप्पा!"

"मंग दोगं बी कशापायी रडत व्हतासा? ठरवा आदी."

कृष्णातांनी कुणाकडं न बघता भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि शेजारी बसलेल्या साईराजच्या तोंडापुढं धरला.  "खा," ते म्हणाले. "तुजा म्हन, न्हाईतर माजा म्हन. पन खा!"

साईराजनं तोंड उघडलं. गालावरची पाच बोटं दुखत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि बापाच्या हातून लहानपणानंतर पहिल्यांदाच तो जेवत होता. मग आईनं घास घेतला, मग पोरांनी, मग भावकीनं, आणि बघता बघता पंगतीला रंग चढला.

आणि खरं सांगायचं तर, आमटी एकदम फक्कड झाली होती! साईराजची वाटी कधीच रिकामी झाली होती आणि आणखी एक वाटी मिळावी म्हणून त्याचा जीव तडफडत होता. पण वाढायला बनुबाई होत्या. त्या पळी घेऊन त्याच्या पुढ्यातून तीनदा गेल्या, तिन्ही वेळा त्यानं मान खाली घातली आणि कोरडी भाकरी चावत राहिला.